मेंदूशास्त्रज्ञाचा एच-इंडेक्स छापण्याआधी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मेंदूवर संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञाची निवड, नेमणूक किंवा पुरस्कार अशी बातमी आली की तिच्यात एक वाक्य हमखास असते : ‘त्यांचे इतके शोधनिबंध आंतरराष्ट्रीय जर्नल्समध्ये प्रसिद्ध झाले असून त्यांना इतकी हजार सायटेशन्स मिळाली आहेत आणि त्यांचा एच-इंडेक्स इतका आहे.’ वाक्य भारदस्त असते, पण वाचकाच्या हाती काही लागत नाही. त्या माणसाने मेंदूबद्दल नेमके काय शोधले, हे आकड्यांमागे झाकले जाते. शिवाय आकडा बहुतेक वेळा परिचयपत्रातून जसाच्या तसा उचललेला असतो. तो कोणत्या डेटाबेसमधला, कोणत्या तारखेचा, हे लिहिलेले नसते. पैशाच्या व्यवहाराची बातमी देताना रकमेसोबत चलन लिहिल्याशिवाय आपण राहत नाही. सायटेशनच्या आकड्यालाही असे चलन असते. ते न लिहिल्यामुळे होणारे घोटाळे टाळता येण्याजोगे आहेत, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात शब्दापासूनच करायला हवी. ‘सायटेशन’ला मराठीत कोणी ‘संदर्भ’ म्हणते, कोणी ‘उद्धरण’. इंग्रजीत पुरस्कारासोबतच्या मानपत्रालाही हाच शब्द आहे. त्यामुळे ‘चार हजार सायटेशन्सने गौरव’ अशी वाक्यरचना सहज होऊन जाते. इथे गौरवाचा संबंध नाही. एखाद्या शोधनिबंधाच्या शेवटी जी संदर्भसूची असते, तिच्यात दुसऱ्या निबंधाचे नाव आले की त्या दुसऱ्या निबंधाच्या खात्यावर एक सायटेशन जमा होते. नाव कौतुकाने घेतले, पद्धत वापरली म्हणून घेतले, की ‘हा निष्कर्ष आम्हाला पुन्हा मिळाला नाही’ हे सांगण्यासाठी घेतले, मोजणीत काही फरक पडत नाही. मजकुरात दहा ठिकाणी उल्लेख असला तरी सूचीत नाव एकदाच येते, म्हणून सायटेशनही एकच.

एच-इंडेक्स हे माप होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवले. ते काढायची रीत सोपी आहे. संशोधकाचे सगळे निबंध सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरून मोजत खाली यायचे. जोपर्यंत निबंधाची सायटेशन्स त्याच्या क्रमांकाइतकी किंवा त्याहून जास्त आहेत तोपर्यंत पुढे जायचे. जिथे ही अट शेवटची पूर्ण होते तो क्रमांक म्हणजे एच-इंडेक्स. समजा, एका संशोधकाच्या सात निबंधांना अनुक्रमे १२०, ४६, १९, ९, ६, ५ आणि २ सायटेशन्स आहेत. पाचव्या निबंधाला ६ आहेत, म्हणजे अट पूर्ण. सहाव्याला ५ आहेत, म्हणजे एक कमी पडले. एच-इंडेक्स ५. दुसऱ्या संशोधकाच्या सात निबंधांना ८, ७, ६, ६, ५, १ आणि ० आहेत. त्याचाही एच-इंडेक्स ५. पहिल्याच्या सायटेशन्सची बेरीज २०७ होते, दुसऱ्याची ३३. गुगल स्कॉलरवर दिसणारा आय-टेन इंडेक्स, म्हणजे किमान दहा सायटेशन्स मिळालेल्या निबंधांची संख्या, पहिल्यासाठी ३ आहे आणि दुसऱ्यासाठी शून्य. बातमीत दोघांच्या नावापुढे ५ हाच आकडा येईल आणि वाचक दोघांना एका मापाने मोजेल.

या मापाचे आणखी दोन गुणधर्म बातमी लिहिणाऱ्याने लक्षात ठेवावेत. एक, एच-इंडेक्स निबंधांच्या संख्येपेक्षा मोठा होऊच शकत नाही. ज्याने सहाच निबंध लिहिले पण सहाही पाठ्यपुस्तकात गेले, त्याचा एच-इंडेक्स फार तर ६. दुसरे म्हणजे तो सहसा खाली येत नाही. संशोधकाने प्रयोगशाळा बंद केली तरी जुन्या निबंधांच्या जोरावर वर्षानुवर्षे वाढत राहतो. म्हणून ४० वर्षे काम केलेल्या प्राध्यापकाचा आणि आठ वर्षे काम केलेल्या संशोधिकेचा एच-इंडेक्स एकाच बातमीत शेजारी ठेवणे अन्याय आहे. हिर्श यांनीच २००५ च्या निबंधात एच-इंडेक्सला पहिल्या निबंधापासूनच्या वर्षांनी भागण्याची सूचना केली होती, आणि जीवशास्त्रातले आकडे भौतिकशास्त्रापेक्षा मोठे असतात हेही नोंदवले होते. बातमीत निदान पहिल्या निबंधाचे वर्ष दिले तरी वाचकाला अंदाज येतो.

आता आकडा येतो कुठून, याकडे वळतो. एकाच माणसाचे एकाच दिवशीचे आकडे तीन ठिकाणी तीन वेगळे निघतात, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’मध्ये संदर्भसूचीची कल्पना मांडली आणि १९६४ पासून सायन्स सायटेशन इंडेक्स निघू लागला, आजचे वेब ऑफ सायन्स त्याच घराण्यातले. त्यात निवडक जर्नल्सच घेतली जातात. स्कोपस २००४ मध्ये सुरू झाले. त्यात जर्नल्सची संख्या जास्त आहे, पण निवड तिथेही होते. गुगल स्कॉलरही २००४ चेच. ते मात्र जर्नलची निवड करत नाही, संकेतस्थळांवरून आपोआप गोळा करते : प्रबंध, प्रीप्रिंट (समीक्षेआधीच जाहीर केलेले निबंध), परिषदांची इतिवृत्ते, पुस्तके, अहवाल, विद्यापीठांच्या साठवणीतल्या फाइली. म्हणून गुगल स्कॉलरचा आकडा जवळपास नेहमीच सगळ्यांत मोठा असतो, आणि म्हणूनच परिचयपत्रात सहसा तोच दिलेला असतो. त्यात लबाडी आहे असे नाही. ते फुकट आहे, सगळ्यांना दिसते, आणि पुस्तकांतले संदर्भ इतरांपेक्षा बरे पकडते. पण ‘गुगल स्कॉलरनुसार’ हे दोन शब्द हवेतच. आपोआप गोळा करण्याचा धोकाही खरा आहे : २०१० मध्ये सिरिल लाबे या फ्रेंच संगणकशास्त्रज्ञाने आयक अँटकरे नावाचा अस्तित्वात नसलेला संशोधक उभा केला, संगणकाने लिहिलेले शंभरेक निरर्थक लेख एकमेकांचे संदर्भ देत इंटरनेटवर ठेवले, आणि गुगल स्कॉलरच्या आधारे त्याचा एच-इंडेक्स ९४ भरला. चौथा पर्याय ओपनअ‍ॅलेक्स, २०२२ पासून खुला आणि मोफत. वेब ऑफ सायन्स आणि स्कोपसची वर्गणी वृत्तपत्राला परवडणारी नाही, त्यामुळे पडताळणीसाठी मी ओपनअ‍ॅलेक्स आणि गुगल स्कॉलर ही जोडी सुचवीन.

नावांचा गोंधळ हा सगळ्यांत सामान्य दोष. निबंधांवर आडनाव आणि आद्याक्षरे एवढेच असते. वाय. वांग, जे. ली, एस. कुमार, ए. पटेल अशा नावांनी शोध घेतला तर मेंदूशास्त्रज्ञासोबत धातुशास्त्रज्ञ आणि शेतीशास्त्रज्ञही हाताला लागतात. गुगल स्कॉलरवर प्रोफाइल उघडणाऱ्याने ‘नवे लेख आपोआप जोडा’ हा पर्याय चालू ठेवला की नामसाधर्म्याचे लेख त्याच्या खात्यात येऊन बसतात, आणि वेळोवेळी झाडलोट केली नाही तर तसेच राहतात. उलटही होते. लग्नानंतर आडनाव बदलले, मधले आद्याक्षर कधी दिले कधी गाळले, स्पेलिंग बदलले, की स्कोपसमध्ये एकाच संशोधिकेची दोन-तीन खाती तयार होतात आणि प्रत्येकाचा एच-इंडेक्स तुटपुंजा दिसतो. यावरचा उपाय ऑर्किड हा १६ अंकी ओळख क्रमांक. तो २०१२ पासून मोफत मिळतो. मुलाखतीआधी संशोधकाकडून हा क्रमांक मागून घ्यावा. त्यावरची यादी संशोधकाने स्वतः जोडलेली किंवा मान्य केलेली असते, त्यामुळे गुगल स्कॉलरची यादी तिच्याशी ताडून पाहता येते. मेंदूच्या संशोधकाच्या यादीत अचानक सिमेंट किंवा सोयाबीन दिसले तर तिथेच थांबून विचारावे.

यानंतरची पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते : कोणत्या निबंधाला सायटेशन्स मिळाली आणि कशासाठी. गुगल स्कॉलरची यादी मुळातच सायटेशनच्या क्रमाने लागलेली असते. वरचे पाच निबंध पाहावेत आणि एकूण आकड्यात त्यांचा वाटा किती ते काढावे. पुष्कळदा अर्ध्याहून जास्त सायटेशन्स एक-दोन निबंधांची असतात, आणि ते निबंध बहुधा पद्धतीचे किंवा साधनाचे असतात, शोधाचे नव्हे.

मेंदूविज्ञानातले याचे उत्तम उदाहरण म्हणजे ओल्डफील्ड यांचा १९७१ चा ‘न्यूरोसायकॉलॉजिया’मधला निबंध. त्यात माणूस उजवा की डावखुरा हे ठरवण्याची दहा प्रश्नांची यादी आहे : लिहिणे, चित्र काढणे, फेकणे, कात्री, दात घासणे, सुरी, चमचा, केरसुणी धरताना वरचा हात कोणता, काडी ओढणे, डब्याचे झाकण उघडणे. उजव्या हाताच्या खुणांतून डाव्या हाताच्या वजा करायच्या, एकूण खुणांनी भागायचे, शंभराने गुणायचे. उत्तर उणे १०० ते अधिक १०० यांच्या मध्ये येते. मेंदूचे छायाचित्रण करणाऱ्या अभ्यासात सहभागी माणसे उजव्या हाताची आहेत हे नोंदवावे लागते, कारण डावखुऱ्यांपैकी काहींमध्ये भाषेची केंद्रे वेगळ्या बाजूला असतात. म्हणून विषय स्मृती असो, भीती असो की निर्णयक्षमता, पद्धतीच्या परिच्छेदात ओल्डफील्ड १९७१ येतोच. सायटेशन्स हजारोंनी आहेत आणि ती सगळी रास्त आहेत, पण ती उपयुक्ततेची पावती आहे. स्मृतिभ्रंशाच्या तपासणीतली ३० गुणांची मिनी-मेंटल चाचणी (१९७५) याच जातीची. आणि कोणत्याही विषयातला सर्वाधिक सायटेशन्स मिळालेला निबंध म्हणून ज्याचे नाव घेतात, तो ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंध द्रावणातले प्रथिन मोजण्याची कृती सांगतो. त्याला तीन लाखांहून अधिक सायटेशन्स आहेत. लाउरी यांनी पुढे मेंदूतल्या एकेका पेशीची रासायनिक मोजमापे करण्याचे फार नाजूक काम केले. ते काम त्या तीन लाखांत नाही.

यातून निष्कर्ष असा काढू नये की पद्धतीचे निबंध हलके असतात. २००५ च्या ऑगस्टमध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये बॉयडन, डायसेरॉथ आणि सहकाऱ्यांनी शेवाळातले प्रकाशसंवेदी प्रथिन मज्जापेशीत घालून निळ्या प्रकाशाच्या झोताने ती पेशी सेकंदाच्या हजाराव्या भागाइतक्या अचूकतेने उद्दीपित करून दाखवली. तीही पद्धतच, पण तिने नंतरच्या संपूर्ण पिढीला विचारता येणारे प्रश्नच बदलले. सांगायचे इतकेच की ‘हा निबंध कशासाठी उद्धृत होतो’ हे एका वाक्यात लिहिता आले पाहिजे, आणि ते लिहिण्यासाठी निबंधाचा सारांश वाचावा लागतो. दहा मिनिटांचे काम आहे.

लेखकांचा क्रम पाहणेही सोपे आहे आणि तरी बहुतेक वेळा राहून जाते. मेंदूविज्ञानात, निदान प्रयोग करणाऱ्या शाखांत, पहिले नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे असते : बहुधा पीएचडीचा विद्यार्थी किंवा पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक). शेवटचे नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे, ज्याने प्रश्न ठरवला, निधी आणला, जबाबदारी घेतली. मधली नावे कमीअधिक मदतीची. पहिल्या दोन-तीन नावांवर तारांकन असेल तर त्यांचा वाटा समान आहे असे तळटीप सांगते, ती वाचावी. आडनावांच्या अकारविल्हे क्रमाची प्रथा गणितासारख्या विषयांत आहे, इथे सहसा नाही. आता अडचण अशी की एच-इंडेक्सला हा क्रम दिसत नाही. सातशे लेखकांच्या निबंधातल्या साडेतीनशेव्या लेखकालाही पूर्ण निबंध आणि पूर्ण सायटेशन्स मिळतात. जागतिक रोगभाराचे अभ्यास (ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज) ‘लॅन्सेट’मध्ये येतात तेव्हा लेखकांची यादी कित्येक स्तंभ भरते आणि सायटेशन्स हजारोंत जातात. अशा दोन-चार निबंधांत नाव असले तर संशोधकाचा एकूण आकडा त्याच्या स्वतःच्या प्रयोगशाळेच्या कामाशी संबंध नसलेल्या उंचीवर जातो. त्याचे योगदान खरे असते, पण आकडा त्याचा एकट्याचा नसतो. म्हणून ‘पहिला किंवा शेवटचा लेखक म्हणून किती निबंध’ हा वेगळा आकडा विचारावा. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या मोफत सूचीवर नावापुढे लेखकक्रमाची अट घालून तो मोजताही येतो.

शाखांची तुलना ही पुढची खाच. ‘मेंदूविज्ञान’ या एका नावाखाली स्क्विड या समुद्री प्राण्याच्या एका अक्षतंतूतला (मज्जापेशीच्या लांब तंतूतला) विद्युतप्रवाह मोजणारेही येतात आणि पन्नास हजार माणसांच्या एमआरआय प्रतिमा चाळणारेही. मज्जापेशीला सूक्ष्म काचनळी चिकटवून नोंदी घेण्याच्या कामात एकेक निबंध तयार व्हायला दोन-तीन वर्षे लागतात, आणि तो वाचणारे लोक थोडे असतात. अल्झायमरच्या उपचारांवरचा निबंध हजारो डॉक्टर आणि संशोधक वाचतात. सी. एलिगन्स या कृमीच्या ३०२ मज्जापेशींची संपूर्ण जोडणी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काढायला ब्रेनर यांच्या गटाला एका दशकाहून जास्त काळ लागला आणि १९८६ मध्ये तो एक दीर्घ निबंध म्हणून आला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा, सुमारे १,३९,००० मज्जापेशींचा नकाशा आला, तो मोठ्या आंतरराष्ट्रीय गटाचा. या दोन कामांतल्या माणसांची एच-इंडेक्सने तुलना करण्यात अर्थ नाही.

शाखा आणि वय यांची भरपाई करणारी मापे आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने (एनआयएच) २०१६ मध्ये आणलेले ‘रिलेटिव्ह सायटेशन रेशो’ हे माप निबंधाची तुलना त्याच्यासोबत उद्धृत होणाऱ्या निबंधांच्या क्षेत्राशी करते. १ म्हणजे एनआयएचच्या निधीवर झालेल्या निबंधांपैकी मधल्या (क्रमाने लावल्यास बरोबर मध्ये येणाऱ्या) निबंधाइतके, २ म्हणजे त्याच्या दुप्पट. आयसाइट या मोफत संकेतस्थळावर पबमेडचे क्रमांक चिकटवले की प्रत्येक निबंधाचा आकडा मिळतो. मर्यादा ही की पबमेडबाहेरचे निबंध त्यात येत नाहीत, आणि अगदी ताज्या निबंधाच्या आकड्यावर विसंबू नये. स्कोपसचे ‘फील्ड-वेटेड सायटेशन इम्पॅक्ट’ याच विचाराचे. तिथे १ म्हणजे त्या विषयातली, त्या वर्षाची, त्या प्रकारच्या लेखांची जागतिक सरासरी. बातमीत ‘त्या क्षेत्रातल्या सरासरीच्या दीडपट’ असे लिहिले तर सामान्य वाचकाला एच-इंडेक्सपेक्षा कितीतरी जास्त कळते.

इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तो जर्नलचा असतो, माणसाचा नसतो. २०२३ चा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे त्या जर्नलच्या २०२१ आणि २०२२ मधल्या मजकुराला २०२३ मध्ये मिळालेली सायटेशन्स, भागिले त्या दोन वर्षांतल्या शोधनिबंध व आढावा लेखांची संख्या. संपादकीये आणि पत्रे छेदात धरत नाहीत, त्यांना मिळालेली सायटेशन्स मात्र अंशात येतात. सरासरी काढताना थोडे लेख फार वर असतात, म्हणून जर्नलमधल्या बहुतेक लेखांना सरासरीहून कमीच सायटेशन्स असतात. फक्त आढावा लेख छापणाऱ्या जर्नल्सचा आकडा स्वाभाविकच फुगलेला असतो, कारण प्रस्तावनेत एका ओळीत संदर्भ द्यायला आढावा लेख सोयीचा पडतो. एप्रिल २०२३ मध्ये ‘न्यूरोइमेज’ या मेंदूच्या छायाचित्रणातल्या अग्रगण्य जर्नलच्या चाळीसहून अधिक संपादकांनी लेखकांकडून घेतल्या जाणाऱ्या ३,४५० डॉलर शुल्काच्या विरोधात एकत्र राजीनामा दिला आणि एमआयटी प्रेसकडे ‘इमेजिंग न्यूरोसायन्स’ हे नवे जर्नल काढले. संपादक तेच, समीक्षेची कसोटी तीच. पण नव्या जर्नलकडे सुरुवातीला इम्पॅक्ट फॅक्टर असणे शक्यच नव्हते. ज्या तरुण संशोधकांनी त्या संपादकांच्या मागे जाऊन तिथे निबंध दिला, त्यांच्या कामाचा दर्जा त्या कारणाने घटला नाही. २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने, ज्याला ‘डोरा’ म्हणतात, माणसाचे मूल्यमापन जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून करू नये असे स्पष्ट म्हटले आहे. वृत्तपत्रांनीही ते पाळावे.

सगळ्यांत नाजूक भाग हा की पुष्कळ सायटेशन्स म्हणजे निष्कर्ष खरा, असे नाही. २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका निबंधात उंदरांच्या मेंदूत बीटा-अमायलॉइड या प्रथिनाचा एक विशिष्ट पुंजका सापडल्याचे आणि त्यानेच स्मृती बिघडते असे म्हटले होते. दोन हजारांहून जास्त सायटेशन्स जमली. जुलै २०२२ मध्ये ‘सायन्स’ने त्यातल्या चित्रांबद्दलच्या शंका सविस्तर मांडल्या, आणि चित्रांत फेरफार झाल्याच्या कारणावरून जून २०२४ मध्ये निबंध मागे घेण्यात आला. त्या सायटेशन्स पुसल्या जात नाहीत. त्या खात्यावर राहतात आणि एच-इंडेक्समध्येही मोजल्या जातात. इथे दुसऱ्या बाजूची चूकही सांगायला हवी. या प्रकरणानंतर ‘अल्झायमरचे सगळे संशोधन खोटे’ अशा आशयाचे मथळे ठिकठिकाणी दिसले. ते चूक आहेत. अमायलॉइडच्या कल्पनेला मुख्य आधार आनुवंशिक आहे : अमायलॉइड तयार होण्याशी संबंधित जनुकांतले बदल असलेल्या कुटुंबांत अल्झायमर लवकर होतो, आणि तो पुरावा या निबंधावर उभा नाही.

मथळ्यांचे दुसरे उदाहरण २०१६ चे. एकलुंड, निकोल्स आणि क्नुट्सन यांनी काहीच न करता पडून असलेल्या ४९९ निरोगी माणसांच्या एफएमआरआय (मेंदूची हालचाल टिपणारा एमआरआय) नोंदी घेतल्या, त्यांचे खोटे गट पाडले आणि प्रचलित सॉफ्टवेअरवर सुमारे ३० लाख विश्लेषणे चालवली. गटांत खरा फरक नव्हताच, त्यामुळे ‘फरक सापडला’ असे उत्तर केवळ योगायोगाने, शंभरात पाच वेळा यायला हवे होते. काही सेटिंगवर ते ७० पर्यंत आले. मूळ निबंधात एक वाक्य होते की यामुळे सुमारे ४०,००० अभ्यास शंकास्पद ठरतात. तो आकडा जगभर छापला गेला. लेखकांनी नंतर ते वाक्य दुरुस्त केले, आणि निकोल्स यांनी प्रत्यक्ष बाधित निबंधांचा अंदाज सुमारे ३,५०० चा दिला. दुरुस्ती फार थोड्या ठिकाणी पोचली.

लहान नमुन्यांचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. २०१३ मध्ये ‘नेचर रिव्ह्यूज न्यूरोसायन्स’मध्ये बटन आणि सहकाऱ्यांनी ४९ मेटा-विश्लेषणांतले (अनेक अभ्यासांच्या एकत्रित हिशोबांतले) ७३० अभ्यास तपासले, त्यांची मधली संख्याशास्त्रीय शक्ती २१ टक्के निघाली. म्हणजे परिणाम खरोखर अस्तित्वात असला तरी असे शंभर अभ्यास केल्यावर तो जेमतेम २१ मध्ये दिसेल. आणि ज्यात दिसेल त्यात तो प्रत्यक्षाहून मोठा दिसण्याचा संभव जास्त, कारण लहान नमुन्यात फक्त मोठा आकडाच कसोटी ओलांडतो. असा ठसठशीत निकाल चांगल्या जर्नलमध्ये जातो, त्याला भराभर सायटेशन्स मिळतात, आणि नंतरचा मोठा, काळजीपूर्वक अभ्यास ‘परिणाम लहान आहे’ म्हणतो तेव्हा त्याच्याकडे कमी लक्ष जाते. २०२२ मध्ये ‘नेचर’मधल्या एका अभ्यासाने सुमारे ५०,००० माणसांच्या नोंदी वापरून दाखवले की मेंदूची रचना आणि वर्तन यांचा संबंध खात्रीने सांगायला हजारो सहभागी लागतात, या क्षेत्रातल्या अभ्यासांचा मधला नमुना मात्र २५ च्या आसपास होता. म्हणून बातमीत सायटेशनच्या आधी नमुना लिहावा : किती माणसे, किंवा किती उंदीर.

याची उलट बाजू म्हणजे ज्यांची सायटेशन्स दिसत नाहीत असे मोठे शोध. मेंदू सुट्या पेशींचा बनला आहे हे रामोन इ काहाल यांनी दाखवले. १९०६ चे नोबेल त्यांना गोल्जींसोबत मिळाले. आज ‘न्यूरॉन’ हा शब्द वापरताना त्यांचा संदर्भ कोणी देत नाही, द्यायची गरजच उरलेली नाही. ज्ञान अंगवळणी पडले की सायटेशन थांबते. स्कोव्हिल आणि मिलनर यांचा १९५७ चा, एच. एम. या रुग्णाच्या स्मृतीवरचा निबंध आजही उद्धृत होतो, हे खरे. पण त्याने हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित मेंदूच्या भागाबद्दल जे बदलले त्याच्या मानाने तो आकडाही थोडाच आहे.

याद्यांच्या बातम्यांबद्दल. ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञ’ ही यादी स्टॅनफर्ड विद्यापीठाने दिलेला सन्मान नव्हे. तिथले प्राध्यापक जॉन आयोआनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या माहितीवरून सहा मापांचा एकत्रित गुणांक काढतात. त्यात एकट्याने, पहिल्या किंवा शेवटच्या लेखकाच्या जागी असताना मिळालेली सायटेशन्स वेगळी धरली जातात, हा तिचा चांगला भाग. विषयांच्या १७४ उपशाखा आहेत आणि दोन वेगळे तक्ते : एक संपूर्ण कारकीर्दीचा, एक फक्त एका वर्षाचा. एका वर्षाच्या तक्त्यातले नाव कारकीर्दीच्या थाटात छापले जाऊ नये. त्याच फाइलीत स्वतःच्याच निबंधांना दिलेल्या सायटेशन्सची टक्केवारी असते, तीही पाहावी. आपल्याच आधीच्या कामावर पुढचे काम उभे करणारा स्वतःचा संदर्भ देणारच, त्यात गैर काही नाही. उपशाखेतल्या इतरांच्या मानाने प्रमाण फारच वर असेल तेव्हाच प्रश्न विचारावा. वेब ऑफ सायन्स चालवणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीची ‘हायली साइटेड’ यादी निराळी. २०२३ मध्ये तिच्यातून एक हजाराहून अधिक नावे सचोटीच्या शंकांमुळे आधीच वगळली गेली होती.

प्रत्यक्ष बातमी लिहिताना करायची पडताळणी अर्ध्या-पाऊण तासाची आहे. ऑर्किड क्रमांक मागावा, गुगल स्कॉलर आणि ओपनअ‍ॅलेक्स दोन्हींवरचे आकडे तारखेसह टिपावेत. दोन्हींत दुपटीहून जास्त फरक असेल तर नावांचा गोंधळ आधी सोडवावा. वरचे पाच निबंध पबमेडवर उघडावेत. मागे घेतलेल्या निबंधावर तिथे ठळक पट्टी असते. शिवाय मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस २०२३ पासून सर्वांना खुला आहे, त्यात नाव टाकून पाहावे. मात्र निबंध मागे घेणे म्हणजे नेहमी लबाडी नव्हे, प्रामाणिक चूक सापडल्यावर लेखक स्वतःही मागे घेतात, म्हणून कारण वाचल्याशिवाय एक शब्दही छापू नये. मग त्या संशोधकालाच विचारावे की तुमच्या मते तुमचा सर्वांत महत्त्वाचा निबंध कोणता. उत्तरात यादीतला पहिला निबंध क्वचितच येतो.

बातमीतले वाक्य मग असे होईल : ‘पहिला निबंध अमुक वर्षी, पहिला किंवा शेवटचा लेखक म्हणून इतके निबंध, अमुक तारखेला गुगल स्कॉलरवर एकूण इतकी सायटेशन्स, त्यांपैकी इतकी एका मापनपद्धतीच्या निबंधाची, त्यांच्या मते महत्त्वाचे काम अमुक, ते इतक्या प्राण्यांवर किंवा माणसांवर झाले आणि त्याची पुनरावृत्ती इतर प्रयोगशाळांनी केली आहे किंवा अजून केलेली नाही.’ जागा तीन ओळींची लागते.

एक विनंती राहिली. आपल्या संकेतस्थळावर मेंदूसंशोधनाच्या जुन्या बातम्या वर्षानुवर्षे वाचल्या जातात. ज्या निबंधावर बातमी बेतली होती तो मागे घेतला गेला, किंवा त्यातला आकडा लेखकांनी दुरुस्त केला, तर त्या जुन्या बातमीच्या माथ्यावरच तारखेसह टीप टाकावी. नवी बातमी वेगळी छापून जुनी तशीच ठेवू नये. त्यासाठी बातमी लिहितानाच निबंधाचा डीओआय (प्रत्येक निबंधाला मिळणारा कायमचा ओळख) क्रमांक मजकुराच्या तळाशी नोंदवून ठेवला की वर्षातून एकदा ते सगळे क्रमांक रिट्रॅक्शन वॉचच्या यादीशी संगणकावर ताडून पाहता येतात.

कळावे,

आपला,
एक वाचक